माशाचा ठसा, पानाचा ठसा: नेमकं कुठे चुकतंय?

ओलीशाई (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. ग्योताकू शिकायला लागून मला तीन आठवडे झाले. खऱ्या माशाला शाई लावून कागदावर त्याचा ठसा घेण्याची ही जपानी कला. 'ग्यो' म्हणजे मासा आणि 'ताकू' म्हणजे ठसा, कोरीव दगडावर कागद ठेवून घेतात तसा. जोडीला पानांचेही ठसे घेते आहे. शिकवणारं जवळ कोणी नाही, म्हणून इथे विचारते.

आतापर्यंत पाच मासे झाले आणि एकही ठसा भिंतीवर लावण्याजोगा नाही. काय होतंय ते सविस्तर लिहिते.

मासा वीतभर लांब, अंगाने चपटा, मोठ्या खवल्यांचा. नळाखाली धुतला, फडक्याने पुसला, ब्रशने काळी शाई लावली, वर पातळ कागद ठेवून तळहाताने दाबला. कागद उचलला तर मधोमध नुसता काळा डाग. खवले दिसतात ते फक्त शेपटीजवळ. कल्ल्यापाशी तांबूस ओघळ कागदात पसरलेला. पर मिटलेले, त्यांच्या जागी एकेक जाड रेघ.

पानांचं वेगळंच. कडा स्वच्छ उठते, पण आत सपाट रंग. शिरा जवळजवळ नाहीतच.

ब्रश चुकतोय, शाई चुकतेय, की कागद?

काठावरून

ताई, तिन्ही ठीक वाटताहेत. तुमचा मासा धुण्यात कमी पडतोय.

माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही, उलट फुगतो. शाई त्या थरावर बसते, खवल्यावर बसतच नाही, आणि कागद टेकला की सगळं मिळून सरकतं. तुमचा मधला काळा डाग त्याचाच. शेपटीकडे हा थर पातळ असेल, म्हणून तिथले खवले उठले.

मी काय करतो ते सांगतो. मूठभर बारीक मीठ घेऊन डोक्याकडून शेपटीकडे हलक्या हाताने चोळायचं. उलट्या दिशेने कधीही नाही, खवले उचकटतात. मग गार पाण्याखाली धरायचं. परत मीठ, परत पाणी. भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एखादा थेंबही चालतो. परांच्या बुडाशी आणि कल्ल्याच्या झाकणाच्या कडेला बुळबुळ दडून बसते, तिथे मऊ दातांचा ब्रश फिरवायचा. बोट फिरवल्यावर ते घसरायच्या ऐवजी अडखळायला लागलं, खवल्याची धार बोटाला जाणवली, की मासा धुतला गेला असं समजा. मला एका माशाला अर्धा तास लागतो. ठसा घ्यायला दोन मिनिटं.

तांबूस ओघळ आतून येतो. तळहाताने दाबलंत की पोटातलं पाणी आणि रक्त वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. कल्ल्याच्या झाकणाखाली, तोंडात आणि मागच्या छिद्रात टिपकागदाचे बोळे घट्ट बसवा. शाई लावायच्या आधी ते बदला, कारण तोवर ते भिजलेले असतात. आणि मासा घेतानाच सांगा की खवले काढू नका, पोट फाडू नका.

परांचं उद्या लिहितो, तो मोठा विषय आहे.

पानगळ

ओलीशाई, पानाची कोणती बाजू खाली ठेवता?

ओलीशाई

वरची, चकचकीत असते ती. तीच पानाची खरी बाजू ना?

पानगळ

ठशासाठी खालची बाजू घ्यायची. बहुतेक पानांच्या शिरा मागून उठलेल्या असतात आणि वरून दबलेल्या. ठशात उंच भाग तेवढा उमटतो. वरच्या बाजूला शाई लावलीत तर शिरांच्या जागी बारीक पांढऱ्या रेघा मिळतील, तेही शाई अगदी पातळ असेल तरच. जाड असेल तर त्या खाचाही भरून जातात आणि तुम्ही म्हणता तसा सपाट रंग उरतो.

दुसरं म्हणजे, पान खुडल्या खुडल्या छापायला घेऊ नका. ताजं पान ताठ असतं, त्यात पाणी असतं, दाबलं की रस सुटतो. रद्दीच्या घडीत ठेवून वर जाड पुस्तकं रचा आणि एक दिवस जाऊ द्या. पान लवचीक राहिलं पाहिजे. आठवडाभर विसरलात तर ते कुरकुरीत होतं आणि रोलर फिरवताच मोडतं. देठ जाड असेल तर धारदार पात्याने उभा चिरून अर्धा काढून टाका. नाहीतर कागद देठावर तंबूसारखा उभा राहतो आणि देठाच्या दोन्ही बाजूंना कोरी पट्टी सुटते.

मेणचट पानांवर शाई थेंब थेंब होऊन जमते. ती स्पिरिटच्या बोळ्याने एकदा पुसून घ्यावीत. लव असलेली पानं पहिल्या ठशाला डाग देतात आणि तिसऱ्याला सुरेख येतात, तेव्हा धीर सोडू नका.

खिळेजुळारी

मी छापखान्यात वाढले, म्हणून शाईबद्दल थोडं.

पानावर ब्रशने शाई लावू नका, ब्रशचे फराटे शिरांइतकेच ठळक उमटतात. काचेच्या तुकड्यावर ब्लॉक छपाईची शाई घ्या, वाटाण्याएवढी पुरते. रबरी रोलर उभा, मग आडवा, उचलून पुन्हा उभा, असा फिरवत राहा. सुरुवातीला रोलरखालून चिकट, ओला, पचपच असा आवाज येतो. थर पातळ होत गेला की तो बदलून बारीक सळसळ ऐकू यायला लागते. डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा. काचेवरची शाई संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसत असेल तर ती जास्त आहे.

पान रद्दीवर ठेवून, देठ चिमट्याने धरून, मधल्या शिरेकडून कडेकडे रोलर फिरवायचा. मग चिमट्यानेच उचलून चांगल्या कागदावर ठेवायचं. एकदा ठेवलं की हलवायचं नाही, जागा चुकली तरी नाही. वर पातळ कागद ठेवून बोटांच्या पेरांनी सगळीकडे दाब द्यायचा. एक हात पान धरायला आणि दुसरा दाबायला. हात बदलताना पान केसभर सरकलं तरी प्रत्येक शीर दोनदा दिसते.

ओलीशाई

खालची बाजू! तीन आठवडे मी पान उलटं धरून बसले होते. आज रात्रीच बसते.

काठावरून

परांबद्दल लिहितो.

ओल्या माशाचे पर अंगाला चिकटतात. ते उघडून तसेच वाळू द्यावे लागतात. मासा जाड फोमच्या तुकड्यावर आडवा ठेवा. शेपटी आणि पर अंगापेक्षा खालच्या पातळीवर असतात, कागद तिथवर पोचतच नाही. म्हणून प्रत्येक पराखाली मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा उतार करून त्याला अंगाच्या बरोबरीला आणायचं. मग पर पंख्यासारखा उघडून त्याच्या काट्यांच्या बुडाशी टाचण्या टोचायच्या. वरच्या पराचे पुढचे काटे बोटात शिरतात, जपून. सगळं टिपकागदाने कोरडं करून पंख्याच्या वाऱ्यात अर्धा-पाऊण तास ठेवा. पर सुकले की उघडे राहतात, टाचण्या काढल्या तरी मिटत नाहीत. टाचण्या कागद ठेवण्याआधी काढायच्याच, नाहीतर कागद फाटतो.

शाई अंगावर आधी डोक्याकडून शेपटीकडे लावा. नंतर जवळजवळ कोरडा ब्रश एकदाच उलटा, शेपटीकडून डोक्याकडे, हलकाच ओढा. त्याने खवल्यांच्या मोकळ्या कडेला शाई पकडली जाते आणि प्रत्येक खवल्याची कमान वेगळी उठते. परांना सगळ्यात शेवटी, अगदी थोडी शाई. ते पातळ असतात आणि लगेच वाळतात.

कागद ठेवल्यावर तळहात वापरू नका. बोटांनी मधून सुरुवात करा, पाठीकडे जा, पोटाकडे या, मग डोकं, मग एकेक पर. कागदाखाली काय आहे ते बोटांना कळतं. दोन-चार माशांनंतर डोळे मिटूनही कल्ल्याची कड सापडेल.

पहिला ठसा रद्दीवरच घ्या. त्यात जादाची शाई निघून जाते. दुसरा किंवा तिसरा बहुधा सर्वांत चांगला असतो.

टिपकागद

एक शंका. माझ्या ठशातला मासा खऱ्यापेक्षा लठ्ठ दिसतो. काढताना चूक होते का?

काठावरून

चूक नाही. कागद माशाच्या गोल अंगावर वळतो आणि नंतर आपण तो सपाट करतो. वळणाची सगळी लांबी रुंदीत उतरते. गोल अंगाच्या माशात हे फार जाणवतं, चपट्या माशात कमी. म्हणून नवशिक्याने चपटा, मोठ्या खवल्यांचा मासा घ्यावा. तिलापिया चांगला. बांगड्यासारख्या बारीक खवल्यांच्या माशात पोत उमटायला हात बसावा लागतो. मुळात लठ्ठपणा नको असेल तर कागद पाठीच्या आणि पोटाच्या कडेवरून फार खाली नेऊ नका.

खिळेजुळारी

थोडं इतिहासाकडे वळते, कारण मासा जपानचा असला तरी पानाच्या ठशाची गोष्ट दुसरीकडची आहे.

लिओनार्दो दा विंचीच्या 'कोडेक्स अटलांटिकस' या वह्यांच्या संग्रहात सेज वनस्पतीच्या पानाचा ठसा आहे आणि शेजारी कृतीही लिहिलेली आहे. मेणबत्तीची काजळी पातळ सरसात कालवून कागद काळा करायचा, पानाला तेलात खललेला पांढरा सफेदा अगदी पातळ लावायचा आणि छापायचं. काळ्यावर पांढरं पान. मी हे करून पाहिलं, सफेद्याच्या जागी पांढरी तेलशाई घेऊन, कारण तो जुना सफेदा शिशाचा आणि विषारी. शिरा अशा उजळतात की पानामागे दिवा ठेवल्यासारखं वाटतं.

बेंजामिन फ्रँकलिनने १७३० च्या दशकापासून अमेरिकी वसाहतींच्या कागदी नोटांवर खऱ्या पानांचे ठसे छापले. पानापासून साचा घेऊन धातूचा ठोकळा ओतायचा आणि तो ठोकळा छपाईला लावायचा. हेतू असा की नकली नोटा करणाऱ्याला पानाच्या शिरा हाताने कोरता येऊ नयेत.

मग १८५० च्या सुमाराला व्हिएन्नाच्या शाही छापखान्यात आलॉइस आउअरने एक पद्धत विकसित केली. सुकलेली वनस्पती पोलादाच्या आणि मऊ शिशाच्या पत्र्यांमध्ये ठेवून जबर दाबाने रुळांतून काढायची. वनस्पती शिशात रुतते आणि तिचा बारीकसारीक तपशील धातूत उतरतो. शिसं मऊ, शेकडो प्रती सोसणार नाही. म्हणून विजेच्या साहाय्याने त्याच्यावर तांबं चढवून कणखर पत्रा बनवायचा. लंडनच्या हेन्री ब्रॅडबरीने १८५३ मध्ये इंग्लंडात याच धर्तीचं पेटंट घेतलं, त्यावर आउअर बराच संतापला. ब्रॅडबरीने १८५५ मध्ये छापलेल्या ब्रिटिश नेच्यांच्या मोठ्या ग्रंथात अशी ५१ चित्रपानं आहेत.

पानगळ

सुंदर माहिती. यात एक भर घालते. ॲना ॲटकिन्सने १८४३ पासून केलेली शेवाळांची निळी चित्रं अनेक जण याच कलेत धरतात. ती सायनोटाइप, म्हणजे उन्हाने उमटलेली. तिथे वस्तू प्रकाश अडवते, म्हणून आकार आणि पारदर्शकता मिळते, पृष्ठभागाचा उंचसखलपणा मिळत नाही. मला दोन्ही प्रिय आहेत, पण शिकताना गल्लत नको.

निवांत

ग्योताकू मुळात नोंद म्हणून सुरू झालं ना? मासा केवढा होता ते दाखवायला?

काठावरून

हो. आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या ठशांपैकी एक १८३९ चा आहे, फुना नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचा. तो जपानच्या शोनाइ भागातल्या त्सुरुओका शहरात जपलेला आहे. तिथल्या सामुराईंमध्ये गळ टाकून मासे धरण्याचा छंद होता. मासा केवढा, कुठे आणि कोणत्या दिवशी सापडला, कोणी धरला, हे ठशाशेजारी लिहीत. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी असे जुने ठसे तपासून आता दुर्मीळ झालेले मासे पूर्वी कुठे मिळत याचा मागोवा घेतला. म्हणून माझी सगळ्यांना विनंती: ठशाच्या कोपऱ्यात तारीख, जागा आणि माशाची लांबी पेन्सिलीने लिहाच.

रेतीघड्याळ

मी अप्रत्यक्ष पद्धतीने काम करते, तिचा उल्लेख अजून आला नाही म्हणून लिहिते.

वर सगळ्यांनी सांगितली ती सरळ पद्धत, जपानीत चोकुसेत्सु. शाई माशाला लागते, ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो. दुसरी कान्सेत्सु. यात माशाला शाई लागतच नाही. ओलसर केलेला पातळ, चिवट कागद किंवा रेशमी कापड माशावर बसवायचं, खवल्याखवल्यात हलकेच दाबायचं आणि जरा सुकू द्यायचं. मग कापसाचा गोळा रेशमी चिंधीत बांधून केलेल्या लहानशा पुरचुंडीने, जिला तांपो म्हणतात, वरून शाई टिपत जायची. दगडावरच्या लेखाचा ठसा घेतात तीच रीत. चित्र सुलट येतं आणि एकेक खवला वेगळ्या छटेत रंगवता येतो.

वेळ मात्र फार लागतो. एका वीतभर माशाला मला पूर्ण दुपार लागली आहे. तांपोला शाई लावली की आधी रद्दीवर टिपून बघायची. डाग पडला तर थांबायचं, धुकं पडलं तर कागदाकडे जायचं. कागद कोझोचा, म्हणजे कागदी तुतीच्या सालीचा, घ्या. त्याचे धागे लांब असतात, ओला झाला तरी फाटत नाही. सरळ पद्धतीलाही तोच उत्तम.

ओलीशाई

काल आणि आज मिळून एकवीस पानं आणि एक मासा.

आधी पान. नेच्याची फांदी एक दिवस दाबून ठेवली होती. मागच्या बाजूला शाई लावून ठसा घेतला आणि उचलल्यावर वाटलं काहीतरी बिघडलं, कारण प्रत्येक पानोळीवर ठिपक्यांच्या दोन रांगा होत्या, शिवणीच्या टाक्यांसारख्या. भिंग घेऊन पाहिलं. पानगळताई, ते बीजाणूंचे पुंजके आहेत ना? ते नेच्याच्या मागच्या बाजूला असतात हे मला ठाऊक होतं, पण इतके नेमाने ओळीत असतात हे कधी पाहिलंच नव्हतं.

मासा मिठाने तीनदा धुतला. बोट अडखळायला लागलं तो क्षण नीट लक्षात आला. पर उघडून वाळवले. तिसऱ्या ठशात कल्ल्यापासून शेपटीपर्यंत खवल्यांमधून जाणारी बारीक तुटक रेघ आली आहे. पोटाकडे मात्र सातआठ खवल्यांची रांग विस्कटलेली दिसते. तिथे माझा हात हलला का?

डोळ्याच्या जागी मात्र काळा थेंब पडला. त्याचं काय करायचं?

पानगळ

हो, बीजाणूंचेच पुंजके. जातीजातीत त्यांची मांडणी निराळी असते आणि ओळख पटवायला तीच उपयोगी पडते. हा ठसा जपून ठेवा.

काठावरून

ती तुटक रेघ म्हणजे माशाची पार्श्वरेषा. पाण्यातली हालचाल जाणवण्याचं त्याचं इंद्रिय. तिथल्या खवल्यांना बारीक छिद्रं असतात, म्हणून रेघ तुटक. ती उमटली म्हणजे मासा स्वच्छ होता.

हात हलला असता तर कडा दुहेरी दिसल्या असत्या. एकेरी असतील तर तिथले खवले कधीतरी गळून नव्याने आलेले असावेत. नवे खवले पुष्कळदा ओळ सोडून बसतात. तिथे दुरुस्ती करू नका.

डोळा ओला आणि मऊ असतो, त्याचा ठसा कधीच नीट येत नाही. शाई लावून झाली की ओल्या बोळ्याने डोळा पुसून घ्या, म्हणजे जागा कोरी राहील. ठसा वाळल्यावर बारीक ब्रशने डोळा हाताने काढायचा. जुन्या काळापासून तसंच करतात. मासा ताजा असताना डोळ्याचा फोटो काढून ठेवा, कारण तासाभरात तो निस्तेज होतो. आणि उजेडाचा पांढरा ठिपका सोडायला विसरू नका.

टिपकागद

डोळा काढला तर तो ठसा राहिला का? मी डोळा कोराच ठेवतो. कागदावर जे आलं ते माशाने केलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

रेतीघड्याळ

तुमचं म्हणणं मला पटतं आणि तरीही मी डोळा काढते. कोऱ्या डोळ्याचा मासा मला मेलेला दिसतो. पण तुटलेला पर किंवा गळलेला खवला ब्रशने भरून काढणं मला मंजूर नाही. त्या माशाच्या अंगावर जे होतं ते राहावं.

निवांत

एवढ्यासाठी मासा मारायचा का, हे मनात येतंच. मी रबरी माशाच्या साच्यावर हात बसवला. खऱ्या माशापासून ओतलेले असतात, खवले अगदी खरे. धुवायचं शिकता येत नाही त्यावर, पण शाई आणि बोटांचा दाब शिकता येतो. खरा मासा घेतला तर एकावर सातआठ ठसे घेतल्याशिवाय सोडत नाही.

ओलीशाई

निवांत, हे फार बरं झालं तुम्ही लिहिलंत. मीही यापुढे एका माशावर घाई करणार नाही.

शेवटचं विचारते. वाळल्यावर कागद सगळा सुरकुतला आहे. इस्त्री फिरवू का?

रेतीघड्याळ

इस्त्रीने वरवर सपाट होईल आणि दमट हवेत पुन्हा चुरगळेल. मागून दुसरा कागद जोडायचा. गव्हाच्या सत्वाची पातळ खळ शिजवा, गाळून गार करा. ठसा उलटा ठेवून पाण्याचा फवारा द्या, मधून बाहेर मऊ ब्रश फिरवा, सुरकुत्या निघून जातात. आधारकागदाला खळ लावून तो वर बसवा, मधून कडेकडे हवा काढत. मग कडा फळीला चिकटवून पूर्ण वाळू द्या. वाळताना कागद आपोआप ताणला जातो. पण आधी कोपऱ्यावर एक थेंब पाणी टाकून बघा शाई फुटते का. फुटत असेल तर ही वाट सोडा.

ओलीशाई

थेंब टाकला. शाई जागेवर आहे. खळ चुलीवर ठेवली आहे.